शिक्षकाला हवी बदलण्याची मुभा



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. ज्याला ऐकायचं आहे त्यानं यावं, ऐकावं, पटलं तर घरी जाऊन चार जणांना सांगावं, असा त्यांचा साधा रिवाज. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आजची ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हाच रिवाज वर्गात पाळला. त्यांचं पाठ टाचण, त्यांनी हातानं काढलेले तक्ते कधी कपाटात कुलूपबंद राहिले नाहीत. मागेल त्या शिक्षकाला ते देत आणि देताना बजावत, की जसंच्या तसं वापरू नका, तुमच्या पोरांना जुळेल तसं बदलून घ्या.

मला आज याच बदलून घेण्याबद्दल बोलायचं आहे. शिकवण्याचं साहित्य फुकट मिळालं की काम झालं, असं आपण धरून चालतो. तेवढ्यानं काम होत नाही. शिक्षकाला ते आपल्या वर्गासाठी बदलता आलं पाहिजे, बदललेलं दुसऱ्या शिक्षकाला देता आलं पाहिजे आणि हे सगळं चोरून नव्हे, तर उजळ माथ्यानं, लेखी परवानगीनिशी करता आलं पाहिजे. वर्ग पडद्यावर आल्यापासून ही गरज फार तातडीची झाली आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवं वर्ष उघडलं ते मोबाइलवर. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअॅपवरून पाठवायला सुरुवात केली. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पण त्या काळातलं सर्वात मोठं काम केलं ते साध्या शिक्षकांनी. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, अनुदानित शाळांच्या शिक्षकांनी रात्री जागून व्हिडिओ बनवले, कृतिपत्रिका टाइप केल्या, गुगल फॉर्मवर चाचण्या तयार केल्या, कवितांना चाली लावून ध्वनिफिती पाठवल्या. ज्यांना संगणक धड येत नव्हता तेही शिकले. मराठीत इतकं शिकवण्याचं साहित्य इतक्या थोड्या दिवसांत एरवी तयार झालं नसतं.

त्या साहित्याचं आज काय झालं आहे ते पाहा. एखादी चांगली कृतिपत्रिका गटागटांतून फिरत तुमच्यापर्यंत येते. ती कुणी केली ते कळत नाही, कारण वरची नावाची पट्टी वाटेत कुणीतरी कापली आहे. त्यात दुरुस्ती करायची तर मूळ फाइल नाही, फक्त पीडीएफ आहे. कधी तर कागदाचा मोबाइलनं काढलेला फोटोच. एखाद्या व्हिडिओची लिंक उघडावी तर व्हिडिओ काढून टाकलेला. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. देणाऱ्यानं मोकळ्या मनानं दिलं, घेणाऱ्यानं कृतज्ञतेनं घेतलं. पण देताना कुणी हे लिहून ठेवलं नाही, की याचं पुढे काय करायला माझी हरकत नाही. ती एक ओळ नसल्यामुळे एवढ्या कष्टाचं साहित्य साठण्याऐवजी विरून गेलं.

शिक्षकाला बदल का करावा लागतो, हे वर्गाबाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. समजा, चौथीच्या परिसर अभ्यासासाठी पाण्यावरची एक सुरेख कृतिपत्रिका रत्नागिरीच्या शिक्षिकेनं केली. तिच्यात पऱ्ह्या आहे, भातखाचर आहे, जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस आहे. ती सांगलीतल्या जत तालुक्यातल्या शिक्षकाला मिळाली. त्याच्या मुलांनी टँकर पाहिला आहे, कोरडा ओढा पाहिला आहे. प्रश्नांची रचना उत्तम, चित्रं छान. फक्त उदाहरणं बदलायला हवीत. मेळघाटात धारणीला शिकवणाऱ्या शिक्षकाला तर प्रत्येक सूचनेखाली एक ओळ कोरकूतही हवी, कारण पहिली-दुसरीच्या मुलांची घरची भाषा ती आहे. जिला नीट दिसत नाही अशी मुलगी वर्गात असेल तर अक्षर मोठं करावं लागतं, चित्राचं वर्णन लिहावं लागतं. दहावीच्या सराव चाचणीतली दोन गणितं आपल्या मुलांना फार सोपी वाटली तर ती काढून दुसरी घालावी लागतात. प्रत्यक्ष वर्गात हे बदल शिक्षक तोंडी करतो, फळ्यावर करतो. ऑनलाइन वर्गात तेच बदल फाइलमध्ये करावे लागतात. आणि फाइल बदलून पुन्हा पाठवली, की ती कायद्याच्या कक्षेत येते.

म्हणून कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कुणी काही लिहिलं, चितारलं, ध्वनिमुद्रित केलं की त्याच क्षणी त्यावर हक्क निर्माण होतो. नोंदणी करावी लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. तुम्ही काल रात्री केलेल्या कृतिपत्रिकेवरही तो आहे. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी सवलत दिली आहे: अध्यापनाच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं एखाद्या कृतीची प्रत काढली तर तो हक्कभंग होत नाही.

ही सवलत किती मोलाची आहे ते दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात सिद्ध झालं. तिथल्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. प्राध्यापकांनी नेमलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांतल्या प्रकरणांच्या प्रती तिथे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला, की कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे. तो कायद्यानं दिलेला आहे आणि कायद्यानंच त्याला मर्यादाही घातल्या आहेत. त्याच वर्षी ९ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं अध्यापनाचा अर्थ तासभराच्या व्याख्यानापुरता आखडू दिला नाही. शिकवण्याच्या हेतूला जेवढं आवश्यक, तेवढं घेता येतं, अशी कसोटी त्यांनी ठेवली. पुढच्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ज्यांना एकेक परदेशी पुस्तक विकत घेणं शक्य नव्हतं अशा हजारो मुलांचा तो विजय होता.

पण ही सवलत आपल्या प्रश्नाला कुठे पुरते आणि कुठे थांबते, हेही पाहिलं पाहिजे. कलमातला शब्द आहे प्रत काढणं. भाषांतर करणं, रूपांतर करणं यांचा उल्लेख त्यात नाही. सवलत आहे ती आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यापुरती. मी माझ्या वर्गाला एखाद्या पुस्तकातलं पान दाखवलं तर ठीक. तेच पान घालून केलेला व्हिडिओ मी साऱ्या जगाला खुला केला, किंवा तो शंभर शाळांच्या शिक्षकांना वाटला, तर ही सवलत माझ्या पाठीशी कितपत उभी राहील याची खात्री कुणी वकील देणार नाही. म्हणजे शिकवायला कायदा हात देतो. पण शिक्षकांनी एकमेकांचं काम घेऊन पुढे नेण्याला तो हात देत नाही. तिथे हक्क असलेल्या माणसाची परवानगीच लागते.

आता प्रत्येक शिक्षकानं प्रत्येक कृतिपत्रिकेसाठी परवानगीचं पत्र पाठवायचं आणि उत्तराची वाट पाहायची, हे होणार नाही. यावर तोड निघाली ती अशी, की हक्कधारकानं परवानगी आधीच, सर्वांना आणि कायमची देऊन ठेवायची. अमेरिकेत लॉरेन्स लेसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था काढली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने प्रसिद्ध केले. त्याच सुमाराला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य जगाला खुलं करण्याची घोषणा केली होती, आणि २००२ मध्येच युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली. डेव्हिड वायली या शिक्षणतज्ज्ञानं अशा साहित्याची कसोटी पाच कृतींत मांडली: ते आपल्याजवळ ठेवता आलं पाहिजे, वापरता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, दुसऱ्या साहित्यात मिसळता आलं पाहिजे आणि पुढे वाटता आलं पाहिजे. यू-ट्यूबवर फुकट दिसणारे बहुतेक व्हिडिओ यातल्या पहिल्याच पायरीवर अडतात.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे मुख्य परवाने सहा आहेत आणि ते चार अटींच्या जुळणीतून बनतात. पहिली अट सर्वांत आहे: मूळ कर्त्याला श्रेय द्यायचं. तिची खूण ‘बाय’. दुसरी, बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्यायची; ती ‘एसए’. तिसरी, व्यावसायिक लाभासाठी वापरायचं नाही, ती ‘एनसी’. चौथी, बदललेली कृती वाटायची नाही, ती ‘एनडी’. ही चौथी अट असलेलं साहित्य शिक्षकाच्या फारसं कामाचं नाही. त्याचं मराठी भाषांतर करून दुसऱ्या शाळेला देता येत नाही, रत्नागिरीचं जतला जुळवून पाठवता येत नाही. शिकवण्याच्या साहित्यावर एनडी घालू नका, असं माझं सर्व शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे.

एसएची अट आपल्या घरातल्या विरजणासारखी आहे. शेजारणीनं वाटीभर विरजण दिलं, तुम्ही त्याचं दही लावलं, आता तुमच्या दारात कुणी आलं तर तुम्हीही द्यायचं. दिल्यानं कुणाचं कमी झालं नाही, आणि मधल्याच कुणी ते अडवूनही ठेवलं नाही. विकिपीडियाचा मजकूर याच अटीवर चालतो. त्यामुळे तुमची कृतिपत्रिका ‘सीसी बाय-एसए’खाली असेल तर त्याच परवान्याखालचा विकिपीडियातला मजकूर, तिथली आकृती तिच्यात निर्धास्तपणे मिसळता येते.

हे सगळं कागदावर छान दिसतं, प्रत्यक्षात चालतं का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. आपल्याच देशातली दोन उदाहरणं देतो.

पहिलं पवईचं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा केला. लिनक्स, लिबर ऑफिस, पायथन, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे त्यात आहेत. प्रत्येक धडा आधी लिहिला जातो, तोही दोन स्तंभांत: एका बाजूला पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्या बाजूला त्या वेळी काय बोललं जाईल. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी ती संहिता विषय न येणाऱ्या माणसाला दिली जाते. त्यानं ती वाचून सगळ्या पायऱ्या एकट्यानं करून दाखवल्या तरच पुढे जायचं. मग त्या संहितेचं मराठीत, कन्नडमध्ये, आसामीत, इतर भारतीय भाषांत भाषांतर होतं आणि त्याच चित्रफितीवर त्या भाषेतला आवाज चढतो. पडद्यावर इंग्रजी शब्द, कानात मराठी. मुलगा ऐकतो, थांबवतो, शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करून पाहतो. इंग्रजीच्या भीतीनं संगणकाकडे न वळणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलासाठी ही केवढी मोठी वाट आहे! हे धडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए परवान्याखाली आहेत. इंटरनेट कमजोर असलेल्या महाविद्यालयात ते उतरवून घेऊन चालवता येतात, कुणाला विचारावं लागत नाही. यात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती संहिता. ती दोन स्तंभांत लिहून ठेवली म्हणूनच दुसऱ्या भाषेतल्या माणसाला ती घेता आली. बदल करता यावा अशा रीतीनेच ती वस्तू मुळात घडवली आहे.

दुसरं उदाहरण बेंगळुरूच्या प्रथम बुक्सचं. त्यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केलं. मुलांच्या सचित्र गोष्टींचा हा साठा ‘सीसी बाय’ परवान्याखाली आहे. तिथे गोष्ट वाचता येते, छापता येते, तिचं भाषांतर करता येतं, ती सोप्या पातळीवर आणता येते, आणि तिथलीच चित्रं घेऊन नवी गोष्टही रचता येते. प्रत्येक आवृत्तीवर मूळ लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांची नावं आपोआप येतात. मोठा प्रकाशक ज्या भाषांत पुस्तक काढण्याचा विचारही करत नाही, कारण विक्री होणार नाही, त्या भाषांत मुलांना वाचायला रंगीत पुस्तक मिळतं ते अशा परवान्यामुळे. एखाद्या आश्रमशाळेतल्या शिक्षिकेनं उद्या ठरवलं, की माझ्या दुसरीच्या मुलांसाठी एका गोष्टीचं वारलीत भाषांतर करायचं, तर तिला कुणाच्याही कार्यालयात अर्ज करावा लागणार नाही. या एका वाक्यात मला लोकशाही दिसते.

परवान्याचीही गरज नाही असं एक मोठं धन आपल्याजवळ आहे. साने गुरुजी १९५० साली गेले. कायद्यातली ६० वर्षं मोजली तर १ जानेवारी २०११ पासून भारतात त्यांचं लेखन सर्वांचं झालं. ‘श्यामची आई’मधलं प्रकरण शिक्षकानं आपल्या आवाजात वाचून ते इथे सर्वांना खुलं करावं, त्याचं नाट्यरूप मुलांकडून करून घ्यावं, त्यावर प्रश्न घालून छोटं पुस्तक काढावं, कुणाची हरकत असू शकत नाही. जोतीराव फुले, सावित्रीबाई, बालकवी, राम गणेश गडकरी यांचंही तसंच. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखाती देशांत मराठी मुलांसाठी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा ऑनलाइन भरतात. त्यांच्या शिक्षकांना असं साहित्य सतत हवं असतं. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी: मूळ लेखन मोकळं झालं तरी अलीकडच्या आवृत्तीतली चित्रं, टिपा, किंवा एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण यांवर वेगळा हक्क असू शकतो.

मराठी साहित्याच्या वाटेत कायद्याइतकाच मोठा दुसरा अडथळा आहे, तो फाइलीचा. वर्षानुवर्षं आपल्याकडचा मजकूर जुन्या, खासगी सांकेतिक पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झाला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी दिसते. मग लोक त्याची पीडीएफ करतात, नाहीतर चित्र. दिसतं छान, पण त्यातला एक शब्द बदलता येत नाही, शोधता येत नाही, कॉपी करून दुसरीकडे घेता येत नाही. पूर्ण दृष्टिहीन मुलाच्या मोबाइलमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या चित्रासमोर मुकं होतं. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये जगात सर्वात आधी मान्यता देणारा देश आपला आहे, आणि आपल्याच शाळांतून मुलांना न वाचता येणारी पीडीएफ पाठवली जाते! म्हणून परवाना देणं हे अर्धं काम. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा, पीडीएफबरोबर बदलता येईल अशी मूळ फाइलही द्यायची, चित्रांखाली दोन ओळींत वर्णन लिहायचं, हे उरलेलं अर्धं. या दुसऱ्या अर्ध्याला पैसा लागत नाही, सवय लागते.

आता शिक्षकांच्या मनातल्या शंका. त्या खऱ्या आहेत, त्यांना बगल देणार नाही.

पहिली शंका: माझं नाव जाईल. माझा अनुभव उलटा आहे. काही न लिहिता पाठवलेल्या साहित्यावरचंच नाव आधी जातं, कारण नाव ठेवण्याचं बंधन घेणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सहाही परवान्यांची पहिली अट श्रेयाची आहे. ती मोडली तर परवानाच संपतो आणि मूळ हक्क तुमच्या हातात राहतो. शिवाय कायद्याचं कलम ५७ कर्त्याचा कर्तेपणाचा हक्क वेगळा राखून ठेवतं.

दुसरी शंका: क्लासवाले माझं साहित्य विकून पैसे कमावतील. त्यासाठी एनसी आहे, आणि ज्याला ती अट घालायची त्यानं जरूर घालावी. पण तिचा त्रास कुणाला होतो पाहा. फी घेणारी छोटी खासगी शाळा, छपाईचा खर्च काढण्यापुरते पैसे घेणारी वस्तीवरची संस्था, एखादं मराठी मंडळ, यांना शंका येते की आपण व्यावसायिक ठरलो तर? प्रामाणिक माणूस थबकतो. ज्याला चोरायचंच आहे तो परवाना वाचतच नाही. माझा कौल एसएला आहे. तुमचं साहित्य घेऊन क्लासवाल्यानं सुधारलं आणि पुढे दिलं, तर सुधारलेलं त्यालाही त्याच परवान्याखाली द्यावं लागेल. मग दुसरा कुणीही शिक्षक ते घेऊन आपल्या मुलांना देऊ शकेल.

तिसरी शंका दर्जाची. कुणीही काहीही बदललं तर चुका वाढतील. शिक्षकांनी एकटं बसून बदललं तर वाढतीलही. पण आपल्याकडे केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तिथे महिन्यातून एकदा एकाच घटकाचं साहित्य सर्वांनी मिळून तपासावं, कुणी काय बदललं आणि का, ते सांगावं, दुरुस्त आवृत्तीवर तारीख घालावी. न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेण्याची पवईची रीत इथेही चालेल: सहावीची कृतिपत्रिका पाचवी पास झालेल्या मुलाला देऊन पाहा. जिथे तो अडेल तिथे आपली सूचना चुकली. चूक दुरुस्त करण्याची मुभा असलेलं साहित्यच कालांतरानं निर्दोष होतं. ज्यात हात घालायला बंदी आहे त्यातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच शिकवली जाते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परवान्यात बसत नाही: मुलांचे चेहरे, आवाज, नावं. ऑनलाइन तासाचं ध्वनिचित्रमुद्रण खुलं करायचं तर त्यात मुलं दिसता कामा नयेत. शिक्षक आपल्या लेखनावरचा हक्क देऊ शकतो. मुलीच्या घराची भिंत, तिची अडखळत वाचण्याची तऱ्हा ही त्याच्या मालकीची नाही. मुद्रण करायचं ते फक्त शिकवण्याचं, वेगळं बसून करावं. मुलांची निबंध-चित्रं द्यायची तर त्यांची आणि पालकांची संमती घेऊनच.

आता शेवटच्या आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. शिक्षकांनी आपापलं मोकळं करावं हे ठीक. पण ज्यासाठी जनतेनं पैसा दिला आहे, ते जनतेच्या शिक्षकाला बदलता का येऊ नये?

बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. मराठी, उर्दू, कन्नड, गुजराती अशा अनेक माध्यमांची पुस्तकं एका छताखाली काढणारी ही संस्था महाराष्ट्राचं भूषण आहे. तिची पुस्तकं आज संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात कुणालाही उतरवून घेता येतात, ही मोठी सोय झाली. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि पानावरून थेट ‘दीक्षा’ या ऑनलाइन शैक्षणिक मंचावरच्या व्हिडिओपर्यंत जाता येऊ लागलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी असे कोड आपल्या वर्गासाठी वापरले होते आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे आपल्याला माहीत आहे. एका शिक्षकानं केलेलं काम व्यवस्थेनं उचललं की काय होतं याचा हा दाखला आहे. पण त्याच पाठ्यपुस्तकाच्या आरंभी सूचना असते, की बालभारतीच्या संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे पुस्तक फुकट वाचता येतं. पण त्यातला धडा घेऊन, कोरकूत समजावून, दोन चित्रं बदलून दुसऱ्या शाळेला पाठवायचा तर संचालकांना पत्र लिहायचं.

याहून वेगळी वाट आपल्याच देशानं चोखाळली आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये एनसीईआरटीच्या केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेनं मुक्त शैक्षणिक संसाधनांचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं, ते बाय-एसए परवाना ठरवून. २०१७ मध्ये आलेलं दीक्षा ज्या सनबर्डवर उभं आहे ते सॉफ्टवेअरही मुक्त आहे. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं मुक्त शैक्षणिक संसाधनांबाबतची शिफारस स्वीकारली आणि सदस्य देशांना धोरणं आखायला सांगितलं. रस्ता आखलेला आहे. महाराष्ट्रानं त्यावर पाऊल टाकायचं आहे.

म्हणून शासनाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक: पाठ्यपुस्तकं, शिक्षक हस्तपुस्तिका, प्रशिक्षणाचं साहित्य आणि राज्याच्या पैशानं बनलेले व्हिडिओ बाय-एसए परवान्याखाली प्रसिद्ध व्हावेत. ज्या कविता-धड्यांवर बाहेरच्या लेखकांचा हक्क आहे ते वेगळे दाखवावेत. त्यांच्यावर अन्याय नको. दोन: पीडीएफबरोबर युनिकोडमधली, बदलता येणारी फाइलही द्यावी. तीन: शिक्षकांनी बनवलेल्या साहित्याबाबत स्पष्ट शासन निर्णय काढावा. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे नियोक्ता मानला जातो. मग जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेनं केलेली कृतिपत्रिका मोकळी करण्याचा अधिकार तिचा, की जिल्हा परिषदेचा? हा संभ्रम एका परिच्छेदात मिटू शकतो: शिक्षकानं स्वतः केलेलं अध्यापन साहित्य त्याला आपल्या नावानं मुक्त परवान्याखाली देता येईल. एवढं लिहिलं की हजारो हात मोकळे होतील.

शासन निर्णय निघेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. उद्या जी कृतिपत्रिका तुम्ही गटावर टाकाल तिच्या तळाशी पाच गोष्टी लिहा: साहित्याचं नाव, तुमचं नाव आणि शाळा, आधार म्हणून काय घेतलं आणि ते कुठून, त्यात तुम्ही काय बदललं, आणि परवाना, ‘सीसी बाय-एसए ४.०’. मूळ फाइल सोबत जोडा. दुसऱ्याचं वापरताना त्यानं लिहिलेल्या त्या ओळी पुसू नका, त्यांच्याखाली आपली ओळ वाढवा. असं साहित्य पाच शाळांतून फिरून परत आलं, की त्याच्या तळाशी पाच शिक्षकांची नावं असतील आणि प्रत्येकानं केलेली सुधारणा तिथे नोंदलेली असेल. मुलासाठी सर्वात चांगला धडा एका विद्वानानं एकट्यानं लिहिलेला असतो असं मी मानत नाही. तो अनेक वर्गांत शिकवून, अनेक हातांनी सुधारून तयार होतो. त्या हातांना परवानगी देणं आणि त्या हातांची नावं जपणं, हे काम आपण आजपासून करू शकतो, आणि आपल्या मुलांसाठी ते केलंच पाहिजे.